ओटा उंच झाला, मूल खाली राहिलं

"डॉक्टर, ही काहीच खात नाही हो!"

हे वाक्य दिवसातून तीन-चारदा तरी माझ्या कानांवर पडतं. मूल समोर उड्या मारत असतं, वजन-उंची वयाला साजेशी असते, पण आईचा चेहरा काळजीनं काळवंडलेला. बाबा गप्प, आणि आजी "आमच्या वेळी असं नव्हतं" अशा नजरेनं माझ्याकडे बघत असतात.

मागच्या संक्रांतीच्या सुमारास अशीच एक साडेचार वर्षांची मुलगी आली होती. मी तिला सहज विचारलं, "पोळी कुठून येते गं?" ती म्हणाली, "डब्यातून." "आणि डब्यात कुठून येते?" थोडा विचार करून ती म्हणाली, "स्कूटरवरून."

सगळे हसले, मीही हसलो. उत्तर चुकीचं नव्हतंच. त्यांच्या घरी पोळ्या खरंच बाहेरून येत होत्या, आई-बाबा दोघंही नोकरीला. पण ती गेल्यावर तिचं उत्तर डोक्यातून जाईना. जो पदार्थ स्कूटरवरून बंद डब्यात येतो, तो मुलानं विश्वासानं तोंडात का घालावा?

मग मला प्रश्न पडला की मुलं स्वयंपाकघरातून बाहेर नेमकी कधी आणि कशामुळे गेली? आळस, मोबाईल, नोकरी ही ठरलेली उत्तरं आहेतच. पण इतिहास चाळताना एक वेगळाच गुन्हेगार सापडला. तो आहे ओटा.

चूल जमिनीवर होती

शंभर वर्षांपूर्वीचं मराठी घर आठवा, म्हणजे ऐकून माहीत असलेलं. चूल जमिनीवर. शेजारी पाट टाकून बाई बसलेली. विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, परात जमिनीवर, जातंही जमिनीवरच. जेवणाची पंगतसुद्धा जमिनीवर. सगळा कारभार दीड-दोन फुटांच्या आत.

दोन-तीन वर्षांचं मूल उभं राहिलं तर त्याला हे सगळं वरून दिसे. ते बसलं तर आईच्या बरोबरीनं बसे. त्याला काही मुद्दाम शिकवायला लागत नसे. शेंगा सोलायला टोपली पुढ्यात आली की चार शेंगा त्याच्याही वाट्याला यायच्या. लसूण सोलणं, मेथी निवडणं, ताकाच्या रवीची दोरी ओढणं, कणकेच्या गोळ्याची चिमणी करणं, ही कामं होती की खेळ होता हे त्यालाही कळत नसे आणि आईलाही.

याच कामांची प्रतिकृती म्हणजे भातुकली. तांब्या-पितळेची इवली इवली भांडी, चूल, जातं, पोळपाट-लाटणं. सावंतवाडीच्या कारागिरांनी लाखेच्या रंगात घडवलेल्या लाकडी खेळण्यांत हा संसार अजूनही मिळतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी भांडी आणि खेळणी बघायला मिळतात. मुलांना घेऊन एकदा जरूर जा. आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ दिनकर केळकरांनी ते उभं केलं, हेही मुलांना सांगा.

भातुकलीत खोटा स्वयंपाक असे तसाच खराही असे. चुरमुरे, गूळ, दाणे, खोबऱ्याचा तुकडा एवढ्या भांडवलावर पंगती उठत. मुलांनी मुलांसाठी मांडलेलं आणि मुलांनीच संपवलेलं ते जेवण. "खा रे बाळा" म्हणत कुणी मागे धावत नसे.

खेळणं कसं असावं? चरकाचं उत्तर

मुलांच्या हाती काय द्यावं याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात खेळण्यांविषयी एक छोटं सूत्र आहे. त्याचा आशय असा: खेळणी रंगीबेरंगी असावीत, आवाज करणारी, मनाला आनंद देणारी असावीत. ती जड नसावीत, त्यांना तीक्ष्ण टोक नसावं, ती तोंडात जाण्याजोगी नसावीत, जिवावर बेतणारी नसावीत आणि मुलाला भेदरवणारी नसावीत.

यातलं "तोंडात जाण्याजोगी नसावीत" हे पुन्हा वाचा. आजच्या खेळण्यांच्या खोक्यावर "तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही" असं छापतात, त्याचं मुख्य कारण हेच. लहान वस्तू घशात अडकते किंवा श्वासनलिकेत जाते. हे चरकाला ठाऊक होतं. याचा स्वयंपाकाशी संबंध काय, ते पुढे येईलच.

ऋतू दारात यायचे

जुन्या घरात अभ्यासक्रम नव्हता, पण पंचांग होतं. ते पंचांग मुलांच्या जिभेवर चालायचं.

चैत्रात कैरी. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं. कैरी किसताना उडालेला आंबट वास आधी नाकात आणि मग तोंडात. श्रावणात नागपंचमी. त्या दिवशी अनेक घरांत चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही अशी रीत. म्हणून उकडलेले पुरणाचे दिंड. रीत नागासाठी असेल, पण मला बालरोगाच्या दृष्टीनं ती भारी आवडते. सुरी नाही आणि उकळतं तेलही नाही. पुरण भरायला, घडी घालायला मुलांना बसवण्यासाठी वर्षातला याहून चांगला दिवस नसेल! भाद्रपदात उकडीचे मोदक. आईच्या मोदकाला पंधरा कळ्या, मुलाच्या मोदकाला तीन. पण बाप्पाला दोन्ही चालतात.

आश्विनात भोंडला. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर, आणि शेवटी खिरापत. खिरापतीची खरी गंमत खाण्याआधीच असते. डबा बंद. आत काय आहे ते ओळखायचं. डबा हलवून आवाज ऐकायचा. खडखड वाजलं तर कोरडं काहीतरी, थबथब वाजलं तर ओलं. गोड की तिखट? गोल की चौकोनी? पाच-सहा वर्षांची मुलगी डोळे मिटून अख्ख्या स्वयंपाकघराची उजळणी करायची. पदार्थाचं रूप, वास, आवाज, पोत यांची ओळख करून देणारा याहून सुंदर खेळ मला तरी कुठल्या परदेशी पुस्तकात सापडलेला नाही.

दिवाळीत मातीचा किल्ला, त्यावर पेरलेले अळीव किंवा मोहरी. चार दिवसांत हिरवळ उगवते आणि शहरातल्या मुलाची आयुष्यातली पहिली शेती होते. मग भोगीची मिसळभाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि संक्रांत.

"परंपरा" म्हणजे किती जुनी?

इथे थोडं थांबू. "आपले पूर्वज हजारो वर्षं हेच खात आले" असं कुणी म्हणालं, तर त्यांना उपासाची साबुदाण्याची खिचडी दाखवा. साबुदाणा आपल्याकडे कसाव्याच्या कंदापासून करतात. कसावा अमेरिका खंडातला. बटाटा तिथलाच. शेंगदाणा तिथलाच. हिरवी मिरचीसुद्धा तिथलीच. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ही पिकं जगभर पसरली आणि पुढे पोर्तुगीजांच्या व इतरांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. तमिळनाडूत सेलमच्या परिसरात साबुदाण्याचा उद्योग उभा राहिला तो तर १९४० च्या दशकात. म्हणजे आपला सगळ्यात "सोवळा" पदार्थ जवळपास पूर्ण परदेशी!

भोगीच्या भाजीतही तीळ, वांगी, बोरं ही इथली जुनी मंडळी आणि शेंगदाणे नंतर आलेले पाहुणे. पाहुणे आले, रमले आणि घरचे झाले.

मी हे कुणाला हिणवायला सांगत नाही. उलट यातून धीर येतो. परंपरा म्हणजे गोठलेली पाककृती नव्हे. त्या ऋतूत, त्या गावात जे पिकतं ते घरात आणायचं आणि सगळ्यांनी मिळून करायचं, एवढाच तिचा गाभा आहे. दाण्यांची भर घालायची मुभा आपल्या पणजीच्या पणजीला होती. तशीच थोडे बदल करायची मुभा आपल्यालाही आहे. आणि काही बदल केलेच पाहिजेत.

चुलीपाशी सगळं गोजिरं नव्हतं

जमिनीवरच्या चुलीचं वर्णन करताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. थोडं आठवणींनी आणि थोडं धुरानं.

लाकूड आणि शेणीचा धूर बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या बाळाच्या छातीत जायचा. घरातल्या अशा धुरामुळे पाच वर्षांखालच्या मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उघडी चूल, तापलेली भांडी आणि रांगणारं मूल एकाच पातळीवर असल्यानं भाजण्याचे अपघात होत ते वेगळेच.

शिवाय चुलीपाशी बसवलं जायचं ते मुलीलाच. मुलगा चार वर्षांचा झाला की त्याला "बायकांत काय बसतोस?" म्हणून उठवायचे. मुलगी मात्र आठव्या-नवव्या वर्षी खेळ म्हणून नव्हे, तर राबायलाच बसायची. भातुकली ही तिच्या सासरची रंगीत तालीम होती. तेव्हा "जुनं ते सोनं" म्हणण्याआधी सोनं आणि काजळी वेगळी करायला हवी.

स्वयंपाक पुस्तकात गेला

विसाव्या शतकात चित्र बदलायला लागलं. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' प्रसिद्ध झालं. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि घराघरात पोचलं. त्यातली वाटी-चमच्याची मापं नवख्या मुलींना फार सोयीची वाटली.

अशा पुस्तकांचं यश काय सांगतं? मुली शिकू लागल्या, शहरात आल्या, दोन खोल्यांत वेगळे संसार थाटू लागल्या. ही आनंदाचीच गोष्ट. पण चुलीपाशी बसून नकळत मिळणारं शिक्षण आता पुस्तकातून घ्यावं लागलं. आणि पुस्तक वाचायला वाचता यावं लागतं. तीन वर्षांच्या मुलाला ते येत नाही.

मग ओटा आला

१९५५ मध्ये मुंबईत 'बर्मा शेल'नं 'बर्शेन' या नावानं घरगुती गॅस विकायला सुरुवात केली. १९६५ मध्ये 'इंडेन' आला. पुढच्या काही दशकांत वातीचे आणि पंपाचे स्टोव्ह अडगळीत गेले आणि बाई उभी राहून स्वयंपाक करू लागली. कंबर सुटली, धूर गेला, वेळ वाचला. गॅसला मी नावं ठेवणार नाही. त्यानं आयांची आणि बाळांची फुप्फुसं वाचवली आहेत.

पण आता थोडं गणित करू या. ओट्याची उंची साधारण ३२ ते ३४ इंच, म्हणजे ८१ ते ८६ सेंटिमीटर. तीन वर्षांच्या मुलाची सरासरी उंची जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे ९५-९६ सेंटिमीटर. डोळे डोक्याच्या वरच्या टोकापासून सुमारे दहा सेंटिमीटर खाली. म्हणजे मुलाचे डोळे बरोबर ओट्याच्या कडेशी!

त्याला ओट्याची कड दिसते. त्यावर काय चाललंय ते दिसत नाही. आवाज येतात, वास येतात, आईची पाठ दिसते. पण हात मात्र वर पोचतो. न दिसणाऱ्या जागी हात पोचणं ही भाजण्याच्या अपघाताची पूर्वतयारीच असते. चहाचं भांडं, कुकरशेजारची आमटी, मिक्सरची लोंबती वायर, यांतलं काहीही ओढलं की अंगावर.

१९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी कातडी किती तापमानाला किती वेळात भाजते, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यानं प्रौढ माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. मुलांची कातडी पातळ असते, त्यामुळे त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. आणि आपला चहा गाळताना ६० अंशांहून बराच गरम असतो.

म्हणून आया ओरडतात, "बाहेर जा, भाजेल!" त्या बरोबरच ओरडतात. पण त्या एका वाक्यानं मूल स्वयंपाकघराबाहेर गेलं, आणि बाहेर टीव्ही होता. आता मोबाईल आहे.

रोम, भावनगर, बोर्डी

मूल आणि खरं काम यांची ताटातूट होऊ नये, म्हणून जगात काही माणसांनी फार आधीपासून खटपट केली होती. त्यातली पहिली माझ्याच व्यवसायातली.

मारिया मॉन्टेसरी डॉक्टर होत्या. १८९६ मध्ये त्यांनी रोममध्ये वैद्यकीय पदवी घेतली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं 'बालगृह' सुरू झालं. आई-बाप दिवसभर कामाला, मुलं मोकाट. मॉन्टेसरींनी मुलांच्या उंचीची टेबलं, खुर्च्या, कपाटं करून घेतली. पाणी ओतणं, झाडणं, पुसणं, पानं मांडणं, वाढणं ही खरी कामं त्यांना दिली. भांडी काचेची आणि चिनी मातीची, फुटणारी. फुटलं तर मुलाला कळतं, ही त्यांची भूमिका. काम वर ठेवून मुलाला चवड्यांवर उभं करण्याऐवजी त्यांनी काम मुलाच्या उंचीवर आणलं.

ही कल्पना भावनगरला पोचली. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. त्यांनी १९२० मध्ये तिथे बालमंदिर काढलं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पण ताराबाईंना एक गोष्ट खटकत होती. मॉन्टेसरीची साधनं महाग. ती श्रीमंतांच्या मुलांना परवडणार. मग खेड्यातल्या मुलानं काय करायचं?

१९४५ मध्ये ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डीला काम सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, खडे, बिया, पानं, माती आली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं, बोटांना वळण लावायला माती. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना गुरं चारणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणातही गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्राला आपण ज्या नावानं ओळखतो ती 'अंगणवाडी' बोर्डीच्या अंगणातलीच.

मला या इतिहासातून एक सरळ धडा दिसतो. मुलाच्या शिक्षणासाठी लागणारं साहित्य दुकानात नसतं, घरात आणि दारात असतं. प्रश्न फक्त ते कुठल्या उंचीवर ठेवलंय याचा आहे.

खाण्याचं विज्ञान काय म्हणतं?

अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. १९२० च्या दशकात त्यांनी नुकतंच दूध सुटलेल्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला. बाळांसमोर साधे, ताजे पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत ठेवायचे. फळं, भाज्या, धान्यं, अंडी, मांस, दूध. परिचारिका शेजारी बसणार, पण "हे खा, ते खा" म्हणणार नाही. बाळ ज्याकडे हात करेल तेच भरवायचं.

१९३९ मध्ये त्यांनी पंधरा मुलांचे निष्कर्ष मांडले. मुलांच्या तऱ्हा अजब होत्या. आज एकच पदार्थ भरपूर, उद्या त्याकडे ढुंकूनही नाही. पण काही दिवसांची बेरीज केली तर आहार समतोल! मुडदूस झालेल्या एका बाळानं तर बरं होईपर्यंत कॉडलिव्हर तेलही आपणहून घेतलं.

"बघा, मुलांना सगळं कळतं!" असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितलं की खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, बिस्किटं नव्हती, डबाबंद काहीच नव्हतं. यादी मोठ्यांनी केली, निवड मुलांनी केली. मी रोज आया-बाबांना हेच सांगतो. घरात काय येणार ते तुम्ही ठरवा. समोर आलेल्यातलं काय आणि किती खायचं ते मूल ठरवेल.

दुसरी गोष्ट, नव्या पदार्थाची भीती. दीड-दोन वर्षांनंतर मुलं अनोळखी अन्नाला नाक मुरडतात. हा हट्टीपणा नाही. चालायला लागलेल्या मुलानं दिसेल ते पान-फळ तोंडात घालू नये, म्हणून निसर्गानंच लावलेला हा लगाम असावा. १९८० च्या दशकात लिॲन बर्च यांनी दाखवून दिलं की पुन्हा पुन्हा चव घेतल्यावर ही भीती ओसरते. कधी आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त. आपण तिसऱ्या वेळी "हिला दुधी आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो.

आता जुन्या घरातलं मूल आठवा. मेथी त्याच्या ताटात पडण्याआधी त्यानं ती निवडलेली असे, हुंगलेली असे, एखादं पान चावून थुंकलेलंही असे. ताटात आलेली मेथी त्याच्या ओळखीची असे. डब्यातून आलेली मेथी परकी असते.

तर काय करायचं?

मुलाला ओट्यावर चढवू नका. काम खाली आणा. जमिनीवर सतरंजी, त्यावर परात, एवढं पुरे. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. गॅस बंद असताना.

दोन वर्षांचं मूल: पालेभाजीची पानं खुडणं, बटाटे धुणं, कणकेच्या गोळ्याशी खेळणं.

तीन वर्षांचं: पन्हं ढवळणं, भिजलेल्या मटकीला फडक्यात बांधणं आणि रोज सकाळी मोड किती आले ते बघणं, केळं सोलून कुस्करणं.

चार-पाच वर्षांचं: उकडलेले बटाटे सोलणं, काकडीची कोशिंबीर कालवणं, गार झालेल्या उकडीचा मोदक वळणं, सगळ्यांची पानं मांडणं.

तिळगुळाचे लाडू पाकातले करणार असाल तर मुलाला लांब ठेवा. गुळाचा पाक उकळत्या पाण्याहून गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो. त्याऐवजी बिनपाकाचे करा. भाजून गार केलेले तीळ आणि दाणे तुम्ही कुटून द्या, गूळ किसून द्या, चमचाभर तूप घाला. मळायचं आणि वळायचं काम मुलाचं. वाकडे होतील. होऊ द्या.

आता चरकाचं ते सूत्र आठवा. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुक्या मेव्याचे दाणे देऊ नका. कूट द्या. दाणा श्वासनलिकेत गेला तर अचानक ठसका लागतो, मग कधी कधी सगळं शांत होतं आणि काही दिवसांनी एकाच बाजूच्या छातीत न्यूमोनिया दिसतो. खाताना ठसका लागून नंतर मूल घरघरत असेल तर "गिळलं असेल" म्हणून बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

बोरन्हाण जरूर करा, हौसेनं हलव्याचे दागिने घाला. पण तान्ह्या बाळाच्या डोक्यावर बोरं, उसाचे करवे, शेंगा, गोळ्या यांचा वर्षाव करताना ते तोंड उघडून रडत असतं, हे लक्षात ठेवा. चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या वापरा. खाली सांडलेला खाऊ वेचायला पाच वर्षांपुढची मुलं बोलवा, आणि शेवटी एक मोठं माणूस जमीन झाडून घेऊ दे. रांगणाऱ्या बाळाला कोपऱ्यातली शेंग नक्की सापडते. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, त्यातल्या जिवाणूंमुळे क्वचित पण गंभीर आजार होतो.

भातुकलीची पितळी भांडी खेळायला छान, पण कल्हई नसेल तर त्यात चिंच, ताक, कैरी असलं आंबट काही ठेवू नका.

आणि भाजलंच तर? वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. मग स्वच्छ कापड झाका आणि दवाखाना गाठा.

शेवटचं, पण विसरू नका. परातीपाशी मुलगा आणि मुलगी दोघांनाही बसवा. शेजारी बाबाही बसले तर उत्तम. जुन्या चुलीपाशी ही एक जागा रिकामी होती, ती आता भरता येईल.

ती "स्कूटरवरून" म्हणणारी मुलगी चार महिन्यांनी लशीसाठी पुन्हा आली. मी आईला विचारलं, "आता खाते का भाजी?"

"नाही हो. पण निवडायला बसते. परवा पालक निवडताना एक पान खाल्लं. म्हणाली, 'गवत आहे.'"

म्हटलं, छान चाललंय. एक झालं, अजून नऊ वेळा चव घेऊ दे!